पावती सरकारची, जमीन दुसऱ्याची

१३ फेब्रुवारी १७९६ या दिवशी अमेरिकेत दोन कागदांवर सह्या झाल्या. दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यात गव्हर्नरने एका कायद्यावर सही केली आणि राज्याने आदल्या वर्षी केलेली सुमारे साडेतीन कोटी एकर जमिनीची विक्री मुळापासून रद्द ठरली. त्याच दिवशी, तिथून हजारेक मैलांवर, बॉस्टन शहरात याच विक्रीतल्या सुमारे एक कोटी दहा लाख एकरांचा सौदा न्यू इंग्लंड मिसिसिपी लँड कंपनीच्या नावे पक्का झाला. दर होता एकरी १० सेंट. तेव्हा तारयंत्र नव्हते, आगगाडी नव्हती. टपाल घोड्यावरून नाहीतर जहाजातून जायचे. बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी जमीन विकत घेतली ती ज्या कायद्याच्या भरवशावर, तो कायदा त्याच दिवशी नाहीसा झाला होता. विक्री रद्द होणार याची कुणकुण त्यांना आधीच लागली होती की नव्हती, यावर पुढे अठरा वर्षे वाद रंगला.

सरकारने विकायला नको होती ती जमीन सरकारनेच विकली, तर घेणाऱ्याच्या पैशांचे काय करायचे? खासगी व्यवहारात उत्तर सोपे असते, निदान कागदावर तरी: विकणाऱ्याला धरा. पण विकणारे सरकारच असेल तर? खरेदीदार चौकशी करतो तीही सरकारच्याच दप्तरात, पैसे भरतो तेही सरकारच्याच खजिन्यात. तिथे चूक निघाली तर त्या चुकीचे ओझे त्याने का वाहायचे? अमेरिकेला हा प्रश्न फार लवकर आणि फार मोठ्या प्रमाणावर सोडवावा लागला, कारण त्या देशाच्या सरकारचा पहिला मोठा धंदाच जमीनविक्रीचा होता.

जॉर्जियाने विकलेली ही जमीन यॅझूच्या मुलखातली होती. यॅझू ही मिसिसिपीला मिळणारी नदी. तिच्या नावाने ओळखला जाणारा मुलूख म्हणजे आजची अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्ये. जुन्या वसाहतीच्या सनदेच्या आधारे जॉर्जिया या साऱ्यावर हक्क सांगत असे. प्रत्यक्षात तिथे क्रीक, चोक्टॉ, चिकासॉ आणि चेरोकी लोक राहत होते, शेती करत होते, शिकार करत होते. जॉर्जियाच्या हातात होता तो नकाशावरचा दावा.

हा दावा राज्याने ७ जानेवारी १७९५ रोजी चार कंपन्यांना विकला. किंमत पाच लाख डॉलर, म्हणजे एकरी दीड सेंटाच्या आसपास. इतक्या स्वस्तात इतकी जमीन कशी गेली, हे बाहेर यायला वेळ लागला नाही. विक्रीच्या बाजूने हात वर करणाऱ्या आमदारांपैकी जवळजवळ प्रत्येकाच्या नावे त्या कंपन्यांचे शेअर निघाले. सौद्याचा सूत्रधार जेम्स गन हा खुद्द अमेरिकेच्या सिनेटचा सदस्य होता. गुंतवणूकदारांत देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जेम्स विल्सन होते. राज्यभर संतापाची लाट उसळली. जॉर्जियाचाच दुसरा सिनेटर जेम्स जॅक्सन याने दिल्ली गाठलेल्या पुढाऱ्याने गावच्या राजकारणात परतावे तसे केले: सिनेटची जागा सोडली, घरी आला, विधिमंडळात निवडून गेला आणि विक्री रद्द करणारा कायदा करून घेतला. तेवढ्यावर भागले नाही. विक्रीचा मूळ कायदा राजधानी लुइसव्हिलमध्ये सरकारी इमारतीसमोर जाहीरपणे जाळण्यात आला आणि दप्तरातून त्याच्या नोंदी काढून टाकण्यात आल्या. जाळायला लागणारा विस्तव भिंगाने सूर्याकडून मिळवला, अशी आख्यायिका जॉर्जियात आजही सांगतात.

जाळपोळीच्या या कथेत एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. रद्द करणाऱ्या त्याच कायद्यात पैसे परत करण्याची तरतूद होती. ज्यांनी राज्याच्या खजिन्यात पैसे भरले होते त्यांनी आठ महिन्यांच्या आत मागणी करावी, रक्कम परत मिळेल. काही मूळ खरेदीदारांनी ती नेलीही. वरवर पाहता न्याय झाला. पण दरम्यान कंपन्यांनी जमीन चढ्या भावाने पुढे विकली होती, त्या खरेदीदारांनी आणखी पुढे. बॉस्टनमध्ये ज्याने एकरी १० सेंट मोजले त्याचे पैसे जॉर्जियाच्या खजिन्यात कधी आलेच नव्हते. ते गेले होते मधल्या विक्रेत्याच्या खिशात. खजिना परत करणार तो फक्त दीड सेंट, आणि तोही पहिल्या खरेदीदाराला. ज्यांनी लाच चारली त्यांच्यासाठी परतीची वाट उघडी आणि ज्यांच्या हातात शेवटी कागद उरला त्यांच्यासाठी बंद, असा हा हिशेब होता.

१८०२ साली जॉर्जियाने हा सारा मुलूख साडेबारा लाख डॉलरच्या बदल्यात केंद्र सरकारला देऊन टाकला. जमिनीबरोबर भांडणही केंद्राकडे आले. दावेदारांशी तडजोड करता यावी म्हणून पन्नास लाख एकर बाजूला ठेवण्याची सोय त्या करारात होती. जेम्स मॅडिसन, अल्बर्ट गॅलॅटिन आणि लेव्ही लिंकन या तीन आयुक्तांनी कागद तपासले आणि अहवाल दिला. त्याचा मथितार्थ असा की, दावेदारांचा मालकी हक्क टिकत नाही, तरीही देशाची शांतता आणि बाहेरून आलेल्या खरेदीदारांची स्थिती पाहता वाजवी तडजोड करणे श्रेयस्कर.

संसदेत ठिणगी पडली. व्हर्जिनियाचा जॉन रँडॉल्फ उभा राहिला आणि दशकभर हटला नाही. त्याचे म्हणणे साधे होते: चोरीचा माल विकत घेणाऱ्याला सरकारने पैसे का द्यावेत? त्याच्या रागाला आणखी धार आली ती गिडियन ग्रेंजरमुळे. हे गृहस्थ देशाचे पोस्टमास्टर जनरल, म्हणजे सरकारचेच मोठे अधिकारी, आणि न्यू इंग्लंडच्या दावेदार कंपनीसाठी खासदारांची मने वळवत फिरत होते. रँडॉल्फच्या वक्तृत्वापुढे तडजोडीचे विधेयक वारंवार पडले.

मग खरेदीदारांनी न्यायालयाची वाट धरली. रॉबर्ट फ्लेचर नावाच्या खरेदीदाराने १८०३ साली जॉन पेककडून १५,००० एकर ३,००० डॉलरना घेतले आणि लगेच त्याच्यावरच दावा लावला: तुझ्याकडे मालकी नसताना मला विकलीस. दोघांचे हितसंबंध एकच होते. दोघांनाही पेक जिंकायला हवा होता. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी १८१० साली निकाल दिला, पेकच्या बाजूने. आमदारांनी लाच खाल्ली म्हणून, ती लाच ठाऊक नसलेल्या पुढच्या खरेदीदाराची मालमत्ता हिरावता येत नाही. विक्री हा करार आहे, आणि करार मोडणारा कायदा करायला राज्यघटना राज्यांना मनाई करते. एखाद्या राज्याचा कायदा घटनाबाह्य म्हणून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द करण्याची ही पहिलीच वेळ. कायद्याचे विद्यार्थी फ्लेचर विरुद्ध पेक हा खटला आजही शिकतात.

निकालाने दावेदारांना जमीन मिळाली नाही, पण त्यांची बाजू जड झाली. १८१३ साली रँडॉल्फने संसदेतली जागा गमावली आणि ३१ मार्च १८१४ रोजी कायदा झाला. दावेदारांनी आपला हक्क सरकारला लिहून द्यावा आणि बदल्यात रोखे घ्यावेत. रोख्यांची एकूण मर्यादा ५० लाख डॉलर. सुमारे ४२ लाख ८२ हजार डॉलरचे दावे मंजूर झाले. जॉर्जियाला मूळ विक्रीतून मिळायचे होते त्याच्या साडेआठ पट ही रक्कम.

हे रोखे फेडायचे होते मिसिसिपी प्रदेशातल्या जमिनी विकून येणाऱ्या पैशांतून. त्या जमिनी कुठून येणार होत्या? त्याच वर्षी, ९ ऑगस्ट १८१४ रोजी, पराभूत क्रीक लोकांवर फोर्ट जॅक्सनचा तह लादला गेला आणि त्यांच्याकडून दोन कोटी एकरांहून जास्त जमीन काढून घेण्यात आली. अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या क्रीकांचीही त्यातून सुटका झाली नाही. चोक्टॉंची मिसिसिपीतली उरलेली भूमी १८३० च्या तहाने गेली. मार्शल यांच्या निकालपत्रात या लोकांच्या हक्काला दोन-चार ओळी मिळाल्या. परताव्याच्या अठरा वर्षांच्या वादात पैसे कोणाला द्यायचे यावर हजारो पाने लिहिली गेली. जमीन मुळात ज्यांच्या वहिवाटीची होती ते दावेदारांच्या यादीत कधी आलेच नाहीत. यॅझूचा परतावा हा खरेदीदारांच्या दृष्टीने उशिरा मिळालेला न्याय असेल. पण तो दुसऱ्याच्या घरातून काढून दिलेला होता, हे नोंदवल्याशिवाय त्याची गोष्ट पुरी होत नाही.

यॅझूचा मामला भ्रष्टाचाराचा होता. पण सरकारी जमीन चुकीने विकली जायला लाचच लागते असे नाही. कारकुनाचा हात घसरला तरी पुरते.

अमेरिकी सरकारने देशाच्या जमिनीचे चौकोन पाडले होते. सहा मैल लांब-रुंद चौकोनाला टाउनशिप म्हणायचे, त्यात ३६ तुकडे, प्रत्येक तुकडा एक चौरस मैलाचा म्हणजे ६४० एकरांचा. त्याचे पुन्हा अर्धे, पाव, पावाचे पाव. जागोजागी जमीन कार्यालये होती आणि प्रत्येकात दोन अधिकारी: नोंदी ठेवणारा रजिस्ट्रार आणि पैसे घेणारा रिसीव्हर. १८२० च्या कायद्याने उधारी बंद झाली, किमान दर एकरी सव्वा डॉलर ठरला आणि ८० एकरांचा तुकडा घेता येऊ लागला. त्यामुळे १०० डॉलर गाठीशी असलेला शेतकरी कार्यालयात यायचा, तुकड्याचे वर्णन सांगायचा, पैसे मोजायचा आणि पावती घेऊन जायचा. मालकीची पक्की सनद राजधानीहून यायची, अनेकदा वर्षांनी. तोवर त्या पावतीवरच घर बांधायचे, जंगल तोडायचे, पेरायचे. आता रजिस्ट्रारने नोंदवहीत ईशान्येच्या पावाऐवजी वायव्येच्या पावावर खूण केली, तर? खरे विकलेले शेत वहीत मोकळे दिसणार, आणि पुढच्या महिन्यात ते दुसऱ्या कुणाला विकले जाणार. दोघांच्याही हातात सरकारी पावत्या.

दुसरी अडचण जुन्या राजवटींची. लुइझियाना, मिसूरी, फ्लोरिडा या भागांत अमेरिकेआधी फ्रान्स, स्पेन, ब्रिटन यांनी लोकांना जमिनी दिल्या होत्या. त्या सनदा सांदीकोपऱ्यातून निघत, मंजूर होत, आणि दरम्यान तीच जमीन अमेरिकी कार्यालयाने कोणाला तरी विकलेली असे.

१२ जानेवारी १८२५ च्या कायद्याने या सर्वांसाठी एकच दार उघडले. सरकारने तीच जमीन आधी विकली असेल, जुनी ब्रिटिश, फ्रेंच किंवा स्पॅनिश सनद मान्य झाली असेल, किंवा अन्य कोणत्याही कारणाने सरकारकडे मालकीच नसेल, तर खरेदीदाराला किंवा त्याच्या वारसाला भरलेली रक्कम परत मिळण्याचा हक्क आहे. हक्क हा शब्द इथे मोलाचा. त्याआधी असा माणूस संसदेकडे अर्ज करायचा आणि त्याच्या एकट्यासाठी खास विधेयक व्हायची वाट पाहायचा. आता त्याने पुरावा दाखवायचा, खात्याने तपासायचे आणि खजिन्याने पैसे द्यायचे. कोणाची ओळख लागू नये, कोणाच्या पाया पडावे लागू नये, ही या कायद्याची थोरवी आहे.

१६ जून १८८० च्या कायद्याने हे दार आणखी रुंद केले. अर्ज चुकीने स्वीकारला गेला आणि पुढे मंजूर करता येत नाही, अशा प्रकरणांतही फी, कमिशन आणि किंमत परत मिळू लागली; अट एवढीच की पावती परत करायची आणि हक्क सोडल्याचा लेख द्यायचा. त्यात रेल्वेची एक तरतूद आहे. सरकार रेल्वे कंपन्यांना लोहमार्गालगतचे एक आड एक तुकडे फुकट देत असे आणि मधल्या तुकड्यांचा दर दुप्पट, म्हणजे अडीच डॉलर, लावत असे. नंतर कळे की तुकडा त्या पट्ट्यात येतच नव्हता. अशा खरेदीदारांना जादा घेतलेला सव्वा डॉलर एकरामागे परत करण्याचे या कायद्याने ठरवले.

या कायद्यांत एक गोष्ट मात्र सापडत नाही: शेतकऱ्याने त्या जमिनीवर घातलेल्या कष्टाची किंमत. परत मिळायचे ते खजिन्यात भरलेले पैसे. विहीर, कुंपण, बांधलेले घर, लावलेली झाडे, वीस वर्षांचे आयुष्य, यांचा हिशेब त्यात नाही. हे किती क्रूर ठरू शकते ते आयोवा राज्यात दिसले.

१८४६ साली संसदेने दे मॉइन नदी जलवाहतुकीयोग्य करण्यासाठी तिच्या दोन्ही तीरांवरच्या पाच-पाच मैलांच्या पट्ट्यातले एक आड एक तुकडे आयोवाला दिले. पण ही देणगी रॅकून नदीच्या संगमापर्यंत की वर थेट उगमापर्यंत, हे शब्दांतून नीट कळेना. एका मंत्र्याने उगमापर्यंत म्हटले, दुसऱ्याने संगमापर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने १८६० च्या सुमारास संगमापर्यंतच असा निकाल दिला; शेतकऱ्यांना वाटले, वरच्या जमिनी मोकळ्या झाल्या. मग १८६२ साली संसदेने कायदा करून त्या वरच्या जमिनीही राज्याच्या झोळीत टाकल्या, आणि त्यातून त्या नदीसुधारणेचे काम घेतलेल्या कंपनीकडून खरेदी केलेल्यांकडे गेल्या. न्यायालयांनी पुढे सांगितले की वाद चालू असताना या जमिनी विक्रीतून राखून ठेवल्या होत्या, म्हणून सरकारी कार्यालयांनी शेतकऱ्यांच्या नावे केलेल्या नोंदी पहिल्यापासून पोकळ. ज्यांनी सरकारच्या खिडकीवर सरकारला पैसे दिले होते, काहींना तर सरकारी सनदाही मिळाल्या होत्या, त्यांना जमिनीवरून उठवण्यात आले नाहीतर आपलेच शेत पुन्हा विकत घ्यावे लागले. त्यांच्या बाजूने संसदेने केलेली विधेयके राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी १८८६ आणि १८८९ साली नाकारली. न्यायालयांनी मिटवलेला वाद उकरू नये, हे त्यांचे मुख्य कारण. अखेर १८९४ साली भरपाईसाठी दोन लाख डॉलरची तरतूद झाली. तोवर पहिल्या पिढीतले कितीतरी लोक गेलेले होते.

यॅझूच्या भांडवलदारांना १८ वर्षांत लाखो डॉलर मिळाले आणि आयोवाच्या शेतकऱ्यांना तीस-चाळीस वर्षांनी तुटपुंजी रक्कम. दोघांच्याही हातातला कागद सरकारीच होता. फरक होता तो राजधानीत कोणासाठी कोण बोलतो याचा.

भारतात १८७२ च्या करार कायद्याचे कलम ६५ पैसे परत करण्याचे हेच तत्त्व सांगते. करार पोकळ असल्याचे आढळले, तर ज्याने त्यातून लाभ घेतला त्याने तो परत करावा किंवा भरपाई द्यावी. पण याला मोठा अपवाद आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली कुजू कोलियरीजच्या खटल्यात, एका खाणपट्ट्याच्या व्यवहारात सांगितले की करार बेकायदा आहे हे पक्षांना सुरुवातीपासून ठाऊक असेल तर कलम ६५ त्यांच्या मदतीला येत नाही. म्हणजे प्रश्न पुन्हा तिथेच येतो: खरेदीदाराला काय माहीत होते?

महाराष्ट्रात हा प्रश्न ताजा आहे. पुण्यातल्या कोंढवा बुद्रुकची ११.८९ हेक्टर राखीव वनजमीन १९९८ साली शेतीसाठी म्हणून खासगी कुटुंबाला दिली गेली आणि १९९९ साली ती एका गृहनिर्माण संस्थेला विकायला परवानगी मिळाली. १५ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे वाटप आणि ही परवानगी दोन्ही बेकायदा ठरवून जमीन वन खात्याला परत देण्याचा आदेश दिला. महसूल खात्याच्या ताब्यातली राखीव वनजमीन अशीच खासगी हातांत गेली आहे का, हे शोधण्यासाठी सर्व राज्यांनी विशेष तपास पथके नेमावीत, असेही सांगितले. जंगल जंगलाला परत मिळाले हे उत्तमच झाले. मात्र अशा तपासांतून जागोजागी जे खरेदीदार पुढे येतील त्यांत संगनमत करणारे असतील तसे सरकारी परवानगीचा कागद पाहून विश्वास ठेवणारेही असतील. या दोघांना एकाच मापाने मोजले तर अन्याय होईल. १८२५ च्या अमेरिकी कायद्यासारखी, अर्ज केला की चौकशी होऊन हक्काने पैसे मिळतील अशी सरळ व्यवस्था त्यांच्यासाठी हवी.

कारण व्यवहार पोकळ ठरला तरी खजिन्यात गेलेला पैसा सहज बाहेर येत नाही. महाराष्ट्रातल्या एका खरेदीदार बाईंनी २०१४ साली एका मालमत्तेच्या खरेदीसाठी २५,३४,४०० रुपये मुद्रांक शुल्क भरले. नंतर कळले की विकणाऱ्याने तीच मालमत्ता १९९२ सालीच दुसऱ्याला विकली होती. विक्रेता खासगी होता, पण शुल्क सरकारने घेतले होते. फसवणुकीची पोलिसांत तक्रार झाली, खरेदीखत रद्द झाले. शुल्क परत मागितल्यावर उत्तर मिळाले की सहा महिन्यांची मुदत टळली आहे. उच्च न्यायालयातही त्यांना दाद मिळाली नाही. १७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम परत करण्याचा आदेश दिला. त्यांच्याकडून काही गैर घडलेले नसताना राज्याने केवळ मुदतीच्या तांत्रिक मुद्द्यावर नागरिकाचे न्याय्य देणे अडवू नये, असे न्यायालयाने बजावले. शुल्क भरल्याला तोवर दहा वर्षे झाली होती.